काशीवर्णनातील घाट आणि होडी

काशीविषयीच्या मराठी लेखनात घाटांचे वर्णन बहुधा कर्त्यांच्या नामावळीने सुरू होते : अहिल्याबाई होळकर, नागपूरकर भोसले, बायजाबाई शिंदे. या नामोच्चारामागील अभिमान सकारण आहे. परंतु वाड्याच्या पायथ्याशी चालणारा उद्योग त्यामुळे वर्णनाबाहेर राहतो. भोसले घाटावरील दगडी वास्तू नीट दिसते ती नदीपात्रातून, आणि पाहणारा होडीत बसलेला असतो. होडी मात्र त्याला दिसत नाही. मल्लाह लेखनात आलाच तर वल्हे मारणारा म्हणून येतो. फळ्या जोडणारा, सांधे बुजवून डांबर चढविणारा, पायऱ्यांवर उपड्या घातलेल्या होडीचा तळ तपासणारा कारागीर म्हणून नव्हे.

शिंदे घाटाचे उदाहरण बोलके आहे. बायजाबाईंनी १८३० मध्ये बांधविलेला हा घाट स्वतःच्याच भाराने खचला; १९३७ मध्ये त्याची पुनर्बांधणी झाली. लगतचे रत्नेश्वर मंदिर आजही कललेले आहे. यात्रावर्णनकार या खचण्यापाशी थबकतो, कारण गतवैभवाच्या शोकाला तेथे आयते निमित्त मिळते. (हा शोक मराठी लेखणीला फार प्रिय आहे.) त्याच पायऱ्या गंगा दर पावसाळ्यात बुडविते, होड्या वर ओढाव्या लागतात, पाणी ओसरल्यावर त्यांची डागडुजी होते. हे ऋतुचक्र वर्णनात आले असते, तर वाडा केवळ स्मारक न राहता नदीकाठच्या श्रमिक वस्तीतील एक वास्तू म्हणून वाचता आला असता. अलीकडे, २०२१ च्या सुमारास, होड्यांची डिझेल एंजिने सीएनजीवर नेण्यास प्रारंभ झाला. घाटाच्या इतिहासात या घटनेचे स्थान जीर्णोद्धाराच्या शिलालेखाहून गौण मानण्याचे कारण नाही.