साम्य-आकर्षण सिद्धांत आणि भारतीय विवाहनिवड : एक चिकित्सा

सामाजिक मानसशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात 'आंतरव्यक्तिक आकर्षण' हे प्रकरण विद्यार्थ्यांचे सर्वांत आवडते असते. सान्निध्य, परिचय, शारीरिक सौंदर्य आणि साम्य असे आकर्षणाचे घटक त्यात सांगितले जातात. त्यांपैकी साम्याचा घटक जणू निर्विवाद मानला जातो. 'जितके साम्य अधिक, तितके आकर्षण अधिक' हे विधान उत्तरपत्रिकांत नियमासारखे लिहिले जाते. प्रस्तुत निबंधात याच विधानाची चिकित्सा करावयाची आहे. त्याचा परिणाम परीक्षेपुरता राहत नाही, हे त्याचे कारण. 'आपल्यासारख्या घरात दिले की संसार टिकतो' या लोकसमजुतीला हे विधान शास्त्राची मोहर मिळवून देते. हे 'आपल्यासारखे घर' बहुधा स्वजातीचेच असते, हे निराळे सांगावयास नको.

या सिद्धांताचा मुख्य आधार म्हणजे डॉन बर्न यांनी १९६१ पासून केलेले प्रयोग. त्यांची पद्धती समजून घेणे अगत्याचे आहे. प्रयुक्त प्रथम स्वतःच्या अभिवृत्तींची प्रश्नावली भरतो. नंतर त्याला एका अपरिचित व्यक्तीने भरलेली म्हणून दुसरी प्रश्नावली दाखविली जाते. प्रत्यक्षात ती संशोधकानेच तयार केलेली असते. ती अपरिचित व्यक्ती अस्तित्वातच नसते. ती आपल्याला कितपत आवडेल आणि तिच्यासोबत काम करणे कितपत रुचेल, या दोन प्रश्नांवर प्रयुक्ताने दिलेल्या गुणांची बेरीज म्हणजे 'आकर्षण'. प्रयोगाची रचना काटेकोर आहे आणि बर्न यांचे हे श्रेय नाकारता येत नाही. परंतु न भेटलेल्या, किंबहुना नसलेल्याच माणसाविषयीच्या या मतावरून दांपत्यजीवनाचा नियम काढणे ही मोठीच झेप होय.

ही झेप कितपत समर्थनीय आहे, याचे उत्तर माँटोया, हॉर्टन आणि कर्चनर यांच्या २००८ च्या मेटा-विश्लेषणात मिळते. त्यांनी ३१३ अध्ययने एकत्र तपासली. प्रयोगशाळेतील अनोळखी व्यक्तींच्या बाबतीत प्रत्यक्ष साम्याचा प्रभाव ठळक आढळला. प्रस्थापित नातेसंबंधांत मात्र तो लक्षणीय राहिला नाही. तेथे प्रभाव होता तो जाणवलेल्या साम्याचा, म्हणजे 'आपण एकमेकांसारखे आहोत' या भावनेचा. ही भावना नात्याचे कारण असते की नात्याचे फलित, हा प्रश्न तरीही उरतोच. मात्र पाठ्यपुस्तकांतील वाक्य बदललेले नाही.

दांपत्यांमध्ये साम्य आढळते हे निरीक्षण खोटे नाही. प्रश्न आहे तो ते साम्य येते कोठून हा. बॉसार्ड यांनी १९३२ मध्ये फिलाडेल्फियातील ५,००० विवाह-परवाने तपासले, तेव्हा सुमारे एक तृतीयांश वधूवर परस्परांपासून पाच चौकांच्या आत राहणारे निघाले. हा प्रेमाचा नियम म्हणावा की वस्तीच्या रचनेचा? त्या शहरात कोण कोठे राहणार हे वंश आणि उत्पन्न ठरवीत होते. पुढे रॉबर्ट विंच यांनी 'पात्र जोडीदारांचे क्षेत्र' ही संकल्पना मांडली. समाज आधी चाळणी लावतो आणि व्यक्तीची निवड उरलेल्यांतूनच होते. आकर्षणाचे सिद्धांत चाळणीनंतरच्या निवडीचे वर्णन करतात आणि चाळणीचे श्रेयही आकर्षणालाच देऊन टाकतात.

भारतात ही चाळणी लपलेली नाही. ती वर्तमानपत्रात छापून येते. बॅनर्जी, डुफ्लो, घटक आणि लाफॉर्च्युन यांनी आनंदबझार पत्रिकेतील विवाहविषयक जाहिरातींच्या आधारे केलेले संशोधन २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. स्वजातीचा वर मिळावा यासाठी वधूपक्ष निरक्षरता आणि पदव्युत्तर पदवी यांतील अंतराएवढी तडजोड करण्यास तयार असल्याचे त्यांना दिसले. बर्न यांच्या परिभाषेत पाहिल्यास येथे साम्याचे एक परिमाण मिळविण्यासाठी दुसऱ्याचा त्याग होत आहे. कोणते साम्य 'साम्य' म्हणून मोजावयाचे, हे मानसशास्त्राने ठरविलेले नाही. ते जातिव्यवस्थेने ठरविले आहे. मराठीतील 'अनुरूप' हा शब्द या दृष्टीने उद्बोधक आहे. वधूवरांची भेट होण्यापूर्वीच, वडीलधारी मंडळी केवळ माहितीपत्रक वाचून स्थळ अनुरूप असल्याचे सांगू शकतात.

डॉ. आंबेडकरांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या 'कास्ट्स इन इंडिया' या निबंधात अंतर्विवाह हेच जातीचे सारभूत लक्षण असल्याचे प्रतिपादन केले होते. म्हणजे ज्या साम्याला बर्न यांचा वाचक आकर्षणाचे कारण समजतो, त्याचा मोठा भाग येथे विवाहबंदीचा परिणाम ठरतो. २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात आंतरजातीय विवाहांचे प्रमाण सुमारे पाच टक्केच आढळले. उरलेल्या पंचाण्णव टक्क्यांवरून साम्य-आकर्षणाचा पडताळा घेणे म्हणजे कुंपणाच्या आत चरणाऱ्या गुरांवरून त्यांची चाऱ्याची आवड ठरविण्यासारखे आहे.

दोन सज्ञान व्यक्तींच्या विवाहास कुटुंबाची वा समाजाची संमती आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने शक्ती वाहिनी खटल्यात २०१८ मध्ये स्पष्ट केले. अशा विवाहाचा विचार करणारी विद्यार्थिनी समुपदेशकाकडे जाते तेव्हा तिला 'पार्श्वभूमीतील साम्य' तपासून पाहण्याचा सल्ला मिळाला, तर तो सल्ला कोणत्या अध्ययनातून आला, हे समुपदेशकाला सांगता आले पाहिजे. नसलेल्या माणसाच्या प्रश्नावलीतून आला, एवढेच त्याचे प्रामाणिक उत्तर असू शकते.