दीर्घकालीन आंत्रविकार आणि दूरस्थ देखरेखीची ॲप्स : रुग्णाच्या गरजांच्या दृष्टीने एक चिकित्सा

प्रास्ताविक :

व्रणयुक्त बृहदांत्रदाह (अल्सरेटिव्ह कोलायटिस) आणि क्रोन्स विकार हे दोन आंत्रविकार बहुधा तरुण वयात सुरू होतात व आयुष्यभर टिकतात. ते समूळ बरे करणारे औषध अद्याप उपलब्ध नाही. रोग काही काळ शांत राहतो आणि पुन्हा उसळतो. ही उसळी पुष्कळदा दोन तपासण्यांच्या मधल्या काळात येते. त्यामुळे रुग्णाने घरूनच लक्षणे नोंदवावीत आणि ती रुग्णालयाने पाहावीत, या कल्पनेतून दूरस्थ देखरेखीची ॲप्स निर्माण झाली. त्यांची उपयुक्तता सामान्यतः रुग्णालयाच्या दृष्टीने मोजली जाते. रुग्णाची गरज त्यांच्या रचनेत कितपत उतरली आहे, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रयोगांची फलिते :

या क्षेत्रातील तीन अभ्यास विशेष विचारात घेण्याजोगे आहेत. डेन्मार्क व आयर्लंडमधील बृहदांत्रदाहाच्या रुग्णांवरील अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील डॅनिश रुग्णांमध्ये उसळीचा मध्यक कालावधी संगणकीय पद्धती वापरणाऱ्या गटात 18 दिवस, तर नेहमीच्या उपचारगटात 77 दिवस होता. नेदरलँड्समधील ‘मायआयबीडीकोच’ या प्रणालीचा 909 रुग्णांवरील अभ्यास 2017 मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात आला. वर्षभरात बाह्यरुग्ण भेटींची सरासरी नेहमीच्या उपचारगटातील 2.34 च्या तुलनेत 1.55 इतकी कमी आढळली आणि रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाणही घटले. याउलट अमेरिकेतील ‘टेली-आयबीडी’ या 348 रुग्णांच्या चाचणीत (2019) पंधरवड्याला अथवा दर आठवड्याला संदेश पाठवूनही रोगाची तीव्रता व जीवनमान यांत नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत अधिक सुधारणा दिसली नाही.

या फलितांतील तफावत बोलकी आहे. डॅनिश प्रयोगात रुग्णाला आजाराचे शिक्षण देऊन उसळीच्या वेळी ठरलेले औषध स्वतः सुरू करण्याचा अधिकार दिला होता. अमेरिकन चाचणीत विचारणा आठवड्याला केली काय किंवा पंधरवड्याला केली काय, रुग्णाच्या प्रकृतीत लक्षणीय फरक पडला नाही. हे देश, रुग्ण आणि आरोग्यव्यवस्था भिन्न असल्याने यावरून अंतिम निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल. तथापि केवळ वारंवार विचारणा करणे म्हणजे काळजी घेणे नव्हे, इतके तरी त्यातून सूचित होते.

मोजमापांची मर्यादा :

बहुतेक ॲप्समधील प्रश्नावल्या जुन्या वैद्यकीय निर्देशांकांवर आधारलेल्या असतात. 1980 चा हार्वे-ब्रॅडशॉ निर्देशांक पाच बाबी पाहतो. त्यांपैकी पोटातील गाठ ही बाब डॉक्टरांनी हाताने तपासून ठरवायची असते. घरी बसलेल्या रुग्णाने ती कशी नोंदवावी? शौचाची अनावर घाई, म्हणजे प्रसाधनगृहापर्यंत पोहोचू की नाही ही धास्ती, या निर्देशांकात नाही. 1998 च्या साध्या बृहदांत्रदाह निर्देशांकात तिला स्थान मिळाले, परंतु थकव्याला तेथेही स्वतंत्र गुण नाहीत. रुग्णाची नोकरी, प्रवास आणि लग्नकार्यातील उपस्थिती मात्र याच दोन गोष्टी ठरवतात.

दुसरी अडचण याच्या उलट दिशेची आहे. क्रोन्स विकारात लक्षणे व आतड्याचा प्रत्यक्ष दाह यांचा मेळ नेहमी बसत नाही. रुग्णाला बरे वाटत असतानाही आत दाह चालू असू शकतो. म्हणून लक्षणांच्या नोंदीला मलातील कॅल्प्रोटेक्टिन या प्रथिनाच्या तपासणीची जोड आवश्यक ठरते. केवळ प्रश्न विचारून ‘सर्व ठीक’ असा हिरवा रंग दाखवणारे ॲप रुग्णाला खोटा दिलासा देण्याचा धोका असतो.

वगळलेला रुग्ण :

डच अभ्यासात आंतरजालाची सोय व डच भाषेचे ज्ञान असणाऱ्यांनाच प्रवेश होता. मोठे आतडे काढून लहान आतड्याची पिशवी जोडलेले रुग्ण त्यातून वगळले होते. संशोधनाच्या शिस्तीत हे समर्थनीय असले, तरी त्यातून घडलेले ॲप सर्वांसाठी योग्य मानता येत नाही. पोटावर कृत्रिम मलमार्ग असलेल्या रुग्णाला ‘आज किती वेळा शौचास गेलात?’ हा प्रश्नच निरर्थक आहे.

भाषेचा प्रश्नही येथेच उद्भवतो. मराठी रुग्ण घरात ‘परसाकडे’, ‘संडासला’ किंवा ‘बाहेर जाऊन आलो’ असे बोलतो. ‘मलविसर्जनाची वारंवारता’ हा शब्दप्रयोग त्याला परका वाटतो. एकत्र कुटुंबात एकच दूरध्वनी अनेकांच्या हाती असेल, तर विवाहयोग्य मुलगी त्यावर रक्तस्रावाची नोंद करण्यास कचरेल. अशा वेळी रिकामी राहिलेली नोंद म्हणजे रुग्णाचा निष्काळजीपणा, असे समजणे अन्यायाचे होईल. एकादशी, चातुर्मास यांसारख्या उपवासांनी बदलणारा आहारही तयार याद्यांत सापडत नाही.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून रुग्णकेंद्री ॲपच्या चार कसोट्या सांगता येतात. पहिली, रोग शांत असताना प्रश्न कमी व उसळीत अधिक असावेत, कारण बऱ्या माणसाला रोज आजाराची आठवण करून देणे हाही एक जाच आहे. दुसरी, घाई, थकवा व झोपमोड यांची नोंद शौचसंख्येइतकीच महत्त्वाची मानावी. तिसरी, रुग्णाने दिलेला धोक्याचा इशारा कोण व किती वेळात पाहणार, हे त्याला आधीच स्पष्ट सांगावे. चौथी, नोंदी कोणास दिसाव्यात हे ठरवण्याचा अधिकार रुग्णाकडे असावा.

भेटींची संख्या घटणे ही रुग्णालयाची बचत आहे. ती रुग्णाचीही बचत ठरावयाची असेल, तर त्याने दिलेल्या प्रत्येक उत्तराला प्रत्युत्तर मिळाले पाहिजे. त्याअभावी ॲप ही केवळ नोंदवही उरते, आणि तीही रुग्णानेच भरावयाची.