दगड एकाच जागी का असतो?

‘रिव्ह्यूज ऑफ मॉडर्न फिजिक्स’च्या २०१३ सालच्या ८५व्या खंडात पन्नासहून अधिक पानांचा एक आढावा-लेख आहे. लेखक पाच : अँजेलो बास्सी, किंजल्क लोचन, सीमा सतीन, तेजिंदर पाल सिंग आणि हेंड्रिक उलब्रिख्ट. यांतले सिंग आणि लोचन त्या वेळी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. विषय क्वांटम सिद्धांतातल्या मापनाच्या प्रश्नाचा. आढावा-लेखाचं रसग्रहण सहसा कोणी करत नाही. त्यात समीकरणं असतात, संदर्भांची लांबलचक यादी असते, आणि पाच जणांनी मिळून लिहिल्यावर एका माणसाचा आवाज असा उरत नाही. तरी हा लेख मला लेखन म्हणून आवडतो, आणि ती आवड सारांशापासूनच सुरू होते.

सारांश आधी कौतुक करतो : क्वांटम सिद्धांत आजवरच्या प्रत्येक प्रयोगाला उतरला आहे. पुढच्याच वाक्यात ‘पण’ येतो, आणि तो कुठल्या दुर्मीळ प्रयोगातून येत नाही. मोठ्या वस्तू एका वेळी दोन जागी कधी सापडत नाहीत, हे कुणालाही ठाऊक असलेलं निरीक्षण लेखक पुढे ठेवतात. नळदुर्गच्या तटातला काळा दगड जिथे बसवला तिथेच आहे, यात सांगण्यासारखं काय, असं आपल्याला वाटतं. लेखकांच्या मते खरं कोडं तेच. श्रोडिंगरच्या समीकरणाला लहान-मोठं कळत नाही. इलेक्ट्रॉनला एकाच वेळी दोन वाटांनी जाण्याची जी मुभा ते देतं, तीच दगडालाही देतं. मग दगड ती का घेत नाही?

नळदुर्गचं नाव निघालंच आहे म्हणून. तिथे बोरी नदीवरच्या बांधाच्या पोटात पाणी महाल आहे आणि नदीला पूर आला की पाणी नर आणि मादी अशा दोन धारांनी कोसळतं. धाराशिवच्या मुलांना इलेक्ट्रॉनचा दोन फटींचा प्रयोग समजावताना हे उदाहरण द्यायचा मोह कोणालाही होईल. ते द्यावं आणि लगेच मोडून दाखवावं. पाणी वाटलं जातं, थोडं इकडून, थोडं तिकडून. इलेक्ट्रॉन जिथे पकडाल तिथे अख्खा मिळतो. अर्धा कधीच नाही. तरीही असे हजारो इलेक्ट्रॉन एकेक करून सोडले की पडद्यावर जे पट्टे उमटतात, ते दोन्ही फटी उघड्या असल्याशिवाय उमटत नाहीत. आता ‘पकडणं’ म्हणजे नेमकं काय घडतं, ते समीकरण सांगत नाही. समीकरणाची चाल ठरलेली असते. मोजमाप केलं की मात्र निकाल नशिबावर जातो आणि त्याची शक्यता बॉर्नच्या नियमाने काढायची. मोजणारं यंत्रही अणूंचंच बनलेलं. त्याला वेगळा कायदा कोणी दिला?

या प्रश्नावर बहुतेकांनी समीकरण तसंच ठेवलं आणि त्याचा अर्थ बदलून पाहिला. हा लेख उलट्या वाटेने जातो : समीकरणातच थोडी भर घालू. कल्पना या पाच जणांची नव्हे. १९८६ साली गिरार्दी, रिमिनी आणि वेबर यांनी मांडलं की प्रत्येक कणाचा तरंग अधूनमधून, कोणी बघो न बघो, आपोआप एका जागी आकसतो. किती वेळा? एका कणासाठी सेकंदाला १० चा उणे सोळावा घात, म्हणजे सुमारे ३० कोटी वर्षांतून एकदा. एकट्या इलेक्ट्रॉनला याने काही फरक पडत नाही. पट्टे जसेच्या तसे राहतात. पण एक ग्रॅमच्या खड्यात प्रोटॉन-न्यूट्रॉन मिळून ६ वर २३ शून्यं इतके कण एकमेकांत गुंतलेले असतात. त्यातला एक आकसला की सगळा खडा जागेवर येतो, आणि गुणाकार केला तर असं सेकंदाला सहा कोटी वेळा घडतं. दगडाला दोन जागी राहायला सवडच मिळत नाही. ३० कोटी वर्षं आणि सेकंदाचा सहा कोटीवा भाग, दोन्ही एकाच आकड्यातून निघतात. हा गुणाकार मी कितीदा पाहिला तरी मला त्याचं कौतुक वाटतं. निरीक्षकाची जाणीव, विश्वाच्या असंख्य प्रती, यांपैकी कशाचीही गरज उरत नाही.

मधला ‘ट्रेस डायनॅमिक्स’ या पायाभूत सिद्धांताचा भाग रुक्ष आहे, तो ओलांडून गुरुत्वाकर्षणाकडे जावं. वस्तू दोन जागी असेल तर तिचं गुरुत्वही दोन तऱ्हांचं होईल आणि निसर्ग ते फार वेळ चालवून घेणार नाही, हा डिओशी आणि पेनरोझ यांचा विचार. त्यानंतर लेख प्रयोगशाळेत शिरतो आणि गद्यात जान येते. कारण कण आकसायचा तर त्याला धक्का बसणार. धक्क्याने वस्तू किंचित तापेल, भारित कण क्ष-किरण सोडतील, टांगलेला आरसा हलेल. म्हणजे वाद मोजून मिटवता येईल.

दोषही आहेत. तरंग किती वेळा आकसतो तो दर आणि किती जागेत आकसतो ते अंतर, हे दोन्ही आकडे हाताने घातलेले आहेत. कणांना धक्के देणारा यादृच्छिक गोंगाट येतो कुठून, याचं उत्तर अर्धवट आहे. ऊर्जा काटेकोर टिकत नाही, आणि सापेक्षतेशी जुळवून घेणं अजून जड जातं. लेखक यावर पांघरूण घालत नाहीत, ही त्यांची सभ्यता.

पण सारांशाचं शेवटचं वाक्य सभ्यतेच्या पुढचं आहे. तिथे मुदत दिली आहे : साधारण दोन दशकांत प्रयोग हा बदल खरा ठरवतील किंवा बाद करतील. आपल्या मताला तारीख लावणारे भौतिकशास्त्रज्ञ थोडे. आतापर्यंतचा हिशेब लेखकांच्या फार बाजूने नाही. व्हिएन्नात १९९९ साली ६० कार्बन अणूंच्या रेणूने पट्टे दाखवले होते. २०१९ मध्ये २५,००० अणुभार-एककांपलीकडच्या रेणूंनीही दाखवले. इटलीत ग्रान सास्सोच्या डोंगराखाली जर्मेनियमच्या शोधकाने किरणं धुंडाळली आणि २०२० साली डिओशी-पेनरोझ कल्पनेचं सर्वांत साधं रूप बाद झालं. गुरुत्वीय लहरींसाठी बांधलेल्या लायगोच्या आरशांचा गोंगाटही यासाठी तपासला गेला. मराठवाड्यातच, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ, त्याच जातीची चार किलोमीटर भुजांची वेधशाळा उभी राहायची आहे. तिचं काम वेगळं, पण तिचे आरसेही या वादात साक्षीला ओढले जातील, असा माझा अंदाज.

भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन अॅडलर यांनी सुचवलेला आकसण्याचा मोठा दर जवळजवळ निकालात निघाला आहे. १९८६ चा मूळ आकडा मात्र अजून कोणाच्या हाती लागलेला नाही. दिलेल्या मुदतीत तो लागेल असं मला वाटत नाही. त्यासाठी व्हिएन्नातल्या रेणूंहून हजारो पट जड कण बराच वेळ अधांतरी, कशालाही न धडकता ठेवावा लागतो. पृथ्वीवर तेवढ्या वेळात तो खाली पडतो, म्हणून हा प्रयोग अवकाशात नेण्याचे प्रस्ताव आहेत.