यंत्रमानवाची वेठ

विज्ञानकथा ही पांढरपेशांची करमणूक, तिच्याशी आपले काय देणेघेणे, असे चळवळीतले मित्र विचारतात. मी अहिल्यानगर जिल्ह्यात (आम्ही अजून नगरच म्हणतो) मराठी शिकवतो. जयंत नारळीकरांची ‘वामन परत न आला’ आणि दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत असे माझे म्हणणे आहे.

दया पवार आमच्या अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. त्यांच्या पुस्तकात महारकी आहे. नारळीकरांचा वामन हा यंत्रमानव. दोहोंचे नाते एका शब्दात आहे. ‘रोबो’ हा शब्द जगाला मिळाला तो कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२०च्या नाटकातून. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे जमीनदारासाठी सक्तीने करावे लागणारे काम. मराठीत याला वेठ म्हणतात! आपण ‘यंत्रमानव’ असा सोवळा शब्द घडवला आणि त्यातली वेठ पुसून टाकली. महार वतने रद्द करणारा कायदा झाला १९५८ साली. माझ्या पणजोबांनी ती वेठ केली. घरातला पहिला पदवीधर मी.

चापेकच्या नाटकात हे वेठबिगार बंड करतात. ‘वामन’मधली चिंता अशी, की यंत्रमानव वाढले तर मानवी संस्कृतीचे काय होईल? नारळीकरांच्या विज्ञाननिष्ठेबद्दल शंका नाही. पण ही चिंता काम करवून घेणाऱ्याची आहे. हे काम आजवर कोणाच्या माथी होते, हा प्रश्न तिच्यात येत नाही. वर्गातल्या एका मुलीने विचारले, “सर, वामन गावात राहील की गावकुसाबाहेर?” याहून नेमकी समीक्षा मी वाचलेली नाही.

केरळात २०१८ साली मॅनहोल साफ करणारे यंत्र आले. २०१३च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणे गुन्हा ठरवले. तरी माणसे गुदमरून मरतातच, आणि ती कोणत्या वस्तीतली, हे सांगायला नको. घोडे विज्ञानापाशी अडलेले नाही. यंत्र आल्यावर वेठीतून सुटलेल्याच्या वाट्याला काय येईल? जमीन, नोकरी, की नुसती उपासमार? ही विज्ञानकथा मराठीत मला अजून भेटायची आहे.

भविष्य कल्पिणे आपल्याला परके नाही. जोतीरावांच्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तकात (१८९१) एकाच घरातली माणसे निरनिराळे धर्म मानून गुण्यागोविंदाने नांदतात. तेव्हा असे घर या देशात कोठे होते? तरी त्यांनी ते लिहिले. आपल्या कथाकारांनी आता गटारावरचे यंत्र आणि त्याच्या शेजारी रिकाम्या हातांनी उभा असलेला माणूस, दोघांनाही एका कथेत आणावे.