‘जैव अभियांत्रिकी’ : एका संज्ञेची चिकित्सा

परिभाषेची चर्चा करताना संज्ञा सुटसुटीत आहे की नाही, एवढेच बहुधा पाहिले जाते. ती विषयातील भेद राखते की पुसून टाकते, हा प्रश्न मागे पडतो. ‘जैव अभियांत्रिकी’ ही संज्ञा या कसोटीवर तपासावयास हवी.

‘जैव’ हे ‘जीव’पासून साधलेले तद्धित विशेषण होय. त्यातून संबंध कळतो. संबंधाचे स्वरूप कळत नाही. ही अभियांत्रिकी जीवांवर केलेली, जीवांसाठी केलेली, की जीवांकरवी केलेली? कृत्रिम सांधा, जनुकांत पालट केलेला जीवाणू आणि सांडपाणी शुद्ध करणारे लव्हाळ्याचे तळे, ही तिन्ही या एकाच नावाखाली येऊ शकतात.

यांपैकी तिसऱ्या प्रकाराचे वेगळेपण हॉवर्ड ओडम यांनी १९६२ च्या सुमारास मांडले. तेथे मुख्य ऊर्जा निसर्गाची, मनुष्याची अल्प. मिट्श व योर्गेन्सन यांनी १९८९ च्या ग्रंथात परिसंस्थेच्या स्वयंरचनेस मध्यवर्ती स्थान दिले. आपली ‘अभियांत्रिकी’ मात्र ‘यम्’ म्हणजे नियमन करणे या धातूवर उभी आहे. उलट इंग्रजी शब्दाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन ‘इंगेनियुम’चे नाते ‘जन्’ धातूच्या कुळाशी आहे. व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे, हे खरे. तथापि नियमन आणि स्वयंरचना यांतील ताण विद्यार्थ्यास दाखविण्यास ती उपयोगी पडते.

हा ताण पूर्व कोलकात्याच्या पाणथळ प्रदेशात प्रत्यक्ष दिसतो. सुमारे १२,५०० हेक्टरांचा हा प्रदेश २००२ मध्ये रामसर यादीत आला. तेथील उथळ ‘भेड्यां’त शहराचे सांडपाणी येते, सूर्यप्रकाश, शैवाल व जीवाणू ते निवळवितात, मासे प्लवकांवर पोसले जातात. पण पाणी केव्हा व किती घ्यावयाचे, हे मत्स्यपालक ठरवितात. निसर्ग रचना करतो, मनुष्य तिला मर्यादा घालतो. या मत्स्यपालकांना अभियंता म्हणावयास आपली परिभाषा तयार नाही. त्यामुळे त्यांचे ज्ञान अभ्यासक्रमाबाहेर राहण्याचा धोका आहे.

म्हणून तिसऱ्या प्रकारास ‘परिसंस्था-अभियांत्रिकी’ असे स्वतंत्र नाव द्यावे. यंत्रे व रसायने यांवर मुख्यतः विसंबणाऱ्या ‘पर्यावरण अभियांत्रिकी’हूनही ते वेगळे ठेवावे. केवळ नावाने ज्ञान येत नाही. परंतु नाव संदिग्ध असेल तर काय शिकावयाचे राहून गेले, हेही ध्यानात येत नाही.