घडी न मोडता

दुकानात साडी खांद्यावर टाकून बघू देतात, नेसून बघू देत नाहीत. घडी मोडली की ती आपली. म्हणून आपण आरशासमोर पदर सावरतो, निऱ्यांचा अंदाज बांधतो आणि बाकीचं नशिबावर सोडतो. कॉम्प्युटर घेताना तर पदराचीही सोय नसते. दुकानदार बटण दाबतो, पडदा उजळतो, आपण मान डोलावतो, संपलं.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये घडी न मोडता नेसून बघता येतं. इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच ती चालवून बघायची, त्या प्रकाराला लाइव्ह सेशन म्हणतात. नवशिके त्याला इन्स्टॉल करण्याआधीची पायरी समजून भराभर ओलांडतात. मी मात्र त्या पायरीवरच रेंगाळते. कॉम्प्युटरच्या दुनियेत इतकी सभ्य वस्तू मला दुसरी भेटलेली नाही.

भाचीला लिनक्स शिकायचं होतं आणि पैसे बेताचे होते. आम्ही मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका जुन्या लॅपटॉपच्या दुकानात गेलो. काउंटरवर थिंकपॅड टी४७० होता, २०१७ सालचा. त्यातला इंटेलचा प्रोसेसर सहाव्या किंवा सातव्या पिढीचा असतो आणि विंडोज ११ साधारणपणे आठव्या पिढीच्या खाली उतरायला तयार नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. धडधाकट असताना पेन्शनीत काढलेली अशी यंत्रं आता दुकानांत थप्प्यांनी पडली आहेत, आणि लिनक्स शिकणाऱ्याची ती दिवाळीच आहे. फक्त नावाच्या शेवटी ‘एस’ आहे का ते बघावं. टी४७०एस दिसायला सडपातळ, पण त्याची काही रॅम बोर्डावरच डाखलेली असते. साध्या टी४७० मध्ये रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढता-घालता येतात. शिकणाऱ्याने सडपातळपणावर भाळू नये.

पर्समधून पेनड्राइव्ह काढला. त्यावर लिनक्सचाच एक अवतार, लिनक्स मिंट, सुमारे ३ जीबीचा ऐवज. (मिंटच्या आवृत्त्यांना बायकांची नावं असतात. तेरावी माया, एकोणिसावी तारा, आणि पुढे एक उमाही होऊन गेली. आयर्लंडमध्ये बसून ही नावं ठेवणाऱ्यांना आपल्याकडचं बारसं आठवलं असेल असं नाही, पण मला दरवेळी आठवतं.) दुकानदाराला म्हटलं, “पाच मिनिटं द्या, आतल्या कशालाही हात लावत नाही.” तो म्हणाला, “बघा ताई, पण माझं विंडोज उडवू नका.”

मशीन चालू होताना एफ१२ दाबायचं आणि यादीतून पेनड्राइव्ह निवडायचा. काळ्या पडद्यावर मोजक्या ओळींचा मेनू येतो. पहिली ओळ मिंट सुरू करण्याची. दुसरी जवळजवळ तीच, फक्त तिला ‘कंपॅटिबिलिटी मोड’ असं शेपूट आहे. या दुसऱ्या ओळीवर माझा जीव आहे. एखाद्याचं ग्राफिक्स कार्ड हटून बसेल, पडदा काळाच राहील, हे मेनू रचणाऱ्याने आधीच गृहीत धरलं आहे. चूक तुमची नाही, असं न बोलता सांगून त्याने बाजूचं दार किलकिलं ठेवलं आहे. पाहुण्याला तिखट सोसणार नाही म्हणून पानात आधीच दही वाढून ठेवणारं घर असतं, तशी ही ओळ.

मग मिंटचं चिन्ह येतं. इथे बहुतेक लोक थांबून राहतात. मी एस्केप दाबते. चिन्ह बाजूला होतं आणि पांढऱ्या ओळी सरसर वर जाऊ लागतात, डावीकडे कंसात हिरवा ‘ओके’. भाची दचकली. “मावशी, बिघडलं का?” बिघडलं नव्हतं. घर लावताना एकेक डबा उघडून ‘डाळ आहे, तांदूळ आहे’ म्हणत जावं, तसं ते चाललं होतं. बाकीच्या यंत्रांत ही बडबड पडद्याआड होते आणि आपल्यासमोर नुसतं गोल गोल फिरणारं चक्र येतं. इथे पडदा आहे, पण तो सारायची मुभाही आहे.

पुढे डेस्कटॉप उघडतो. वापरणाऱ्याचं नाव ‘मिंट’, पासवर्ड काही नाही. कोपऱ्यात ‘इन्स्टॉल लिनक्स मिंट’ असं चिन्ह. ते उडत नाही, लुकलुकत नाही, दर दोन मिनिटांनी विचारत नाही. एवढं सगळं चालू असताना आतल्या डिस्कवर एक अक्षरही लिहिलं गेलेलं नसतं. सगळी प्रणाली पेनड्राइव्हवर एका दाबून बसवलेल्या फाइलमध्ये असते, लागेल तेवढीच उलगडते. आपण केलेले बदल रॅममध्ये राहतात, नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून पेन्सिल चालवावी तसे. बंद केलं की कागद उचलला, नकाशा होता तसा. ही कल्पना घरोघर नेली ती जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांच्या ‘क्नॉपिक्स’ने, २००० सालापासून. सुमारे २ जीबीचा पसारा त्यांनी ७०० एमबीच्या सीडीत कोंबला होता.

लिनक्सचा जन्म मात्र घडी मोडूनच झाला. हेलसिंकीच्या लिनुस टोरवाल्ड्सने जानेवारी १९९१ मध्ये हप्त्यांवर ३८६ पीसी घेतला, रॅम ४ एमबी. त्यावर मिनिक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टीम होती. स्वतःच्या प्रोग्रामने विद्यापीठाचा मोडेम फिरवायला गेला आणि चुकून मोडेमच्या आज्ञा हार्ड डिस्कवरच लिहून बसला. मिनिक्स गेलं. ते पुन्हा बसवण्याऐवजी त्याने आपलंच अर्धवट काम पुढे रेटलं. पदर जळाला म्हणून नवी साडी विणायला बसलेला माणूस!

दुकानात मात्र जाळायचं काही नव्हतं, बघायचं होतं. वायफाय लगेच पकडलं. इंटेलचं कार्ड असलं की बहुधा पकडतंच. आवाज, कॅमेरा ठीक. बोटाचा ठसा घेणारी चौकट मात्र मुकी राहिली. या मशीनवर लिनक्समध्ये ती सहजी चालत नाही, आणि मला तिचं दुःखही नाही. मग मराठी कीबोर्ड लावला, इनस्क्रिप्ट. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं, दोन्ही हातांची फुगडी. भाचीने स्वतःचं नाव लिहिलं आणि उगाच पुन्हा एकदा लिहिलं.

खरी मजा बॅटरीत होती. टी४७० ला दोन बॅटऱ्या असतात, एक पोटात, एक पाठीमागे काढता-घालता येणारी. दुकानदार म्हणाला होता, “एकदम कडक.” मी टर्मिनल उघडून ‘यूपॉवर’ची आज्ञा दिली. लांबलचक यादीत दोनच ओळी वाचायच्या. पोटातली बॅटरी कारखान्यातून निघाली तेव्हा साधारण २४ वॉट-अवर धरायची, आता पूर्ण भरूनही १३. कसलाही आरोप नाही, लाल अक्षरं नाहीत, फक्त एकाखाली एक दोन आकडे. मी पडदा दुकानदाराकडे वळवला. त्याने वाचलं, हसला आणि न मागता भाव उतरवला.

एक उणं सांगते. कोपऱ्यातलं ते चिन्ह दाबलं की हा सगळा मऊपणा संपतो. डिस्क पुसून इन्स्टॉल करायचा पर्याय आणि जुन्याच्या शेजारी बसवायचा पर्याय जवळजवळ सारख्याच अक्षरांत, एकाखाली एक उभे असतात. वर्षानुवर्षांचे फोटो आणि एक क्लिक यांच्यामधला धोक्याचा इशारा इतका बारीक का, हे मला अजून उमगलेलं नाही. सुरुवातीच्या मेनूतल्या दुसऱ्या ओळीत पाहुण्याची एवढी काळजी करणारा हात इथे कसा आखडला?

बंद करताना मात्र तो हात परत येतो. पडदा काळा होतो आणि एकच विनंती: पेनड्राइव्ह काढा, मग एंटर दाबा. काढला, दाबलं, मशीन पुन्हा चालू केलं, आणि दुकानदाराचं विंडोज जसंच्या तसं वर आलं. “काय केलंत काय एवढा वेळ?” त्याने विचारलं.

लॅपटॉप घेऊन घरी आल्यावर भाचीने लगेच इन्स्टॉल केलं नाही. रोज संध्याकाळी पेनड्राइव्ह लावायची, माझा कोकणातला एक फोटो वॉलपेपर म्हणून चढवायची, खटपट करायची, बंद करायची. दुसऱ्या दिवशी फोटो गायब, पाटी कोरी. चौथ्या दिवशी तिला तो फोटो पुन्हा लावायचा कंटाळा आला.