बोट दाखवणारा मुलगा

व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात एक लहानसा कागद आहे. उंची साडेसत्तावीस सेंटिमीटर, रुंदी वीसहूनही कमी. त्यावर एक मुलगा: गोबरे गाल, खांद्यापर्यंत उतरलेले केस, डोक्यावर टोपी, अंगात ढगळ बाह्यांचा झगा. वरच्या कोपऱ्यात जर्मन भाषेतला मजकूर आहे. आरशात पाहून मी हे माझंच चित्र १४८४ साली काढलं, तेव्हा मी अजून मूल होतो, असा त्याचा आशय. आणि खाली नाव, आल्ब्रेख्त ड्यूरर. चित्र काढणारा जेमतेम तेरा वर्षांचा. ओळी लिहिणारा मात्र मोठा झालेला, कारण ‘तेव्हा मूल होतो’ असं मूल लिहीत नाही.

एकाच माणसाची दोन वयं एका कागदावर शेजारी नांदताहेत, आणि मला या चित्राची सर्वांत मोठी गोडी तिथंच वाटते.

ड्यूररचे वडील न्यूरेम्बर्गमध्ये सोनार होते आणि मुलगा त्यांच्याच कारखान्यात काम शिकत होता. चित्राचं साधनही त्या घराला शोभणारं: चांदीची बारीक तार. हाडांच्या राखेचा लेप दिलेल्या कागदावरून ती ओढली की करडी रेघ उमटते आणि काळाबरोबर तपकिरी होत जाते. ती खोडता येत नाही. दाब वाढवला तरी फारशी गडद होत नाही. एवढ्या कठोर साधनानं या मुलानं स्वतःचा पाऊण चेहरा काढायला घेतला, हे धाडस आधी मनात धरावं आणि मगच चुकांकडे वळावं.

चुका आहेतच. बोटं लांबट आणि नाजूक, पण मनगटातून जोर येत नाही. आरशात पाहणाऱ्याची नजर सहसा आपल्यावर येऊन थांबते; हा मुलगा भलतीकडेच पाहतो आहे. एका हाताचं बोट तो पुढं रोखतो, दुसरा हात बाहीत दडवतो. चित्र काढत असलेला हात आरशात पाहून काढणं अवघडच, म्हणून तो झाकला असावा असं मला वाटतं. पण बाही पाहा! चुण्या, घड्या, कोपरापाशी कापड दबून झालेले खोलगट कोपरे. हातापेक्षा बाही अधिक जिवंत आहे. मुलाचं मन तिथं रमलं होतं, आणि ते लपत नाही.

आता १४९३ सालचा एक कागद पाहू. तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. ड्यूरर तेव्हा बावीस वर्षांच्या आगेमागे. हातात आता शाईचा बोरू, आणि डोळे थेट आपल्यावर रोखलेले. चेहऱ्याशेजारी एक सुटा हात, चेहऱ्याच्याच तोलाचा. खाली एक चुरगळलेली उशी. कागद उलटला की आणखी सहा उशा, प्रत्येकीच्या घड्या निराळ्या. चेहरा, हात आणि कापडाच्या चुण्या: तेरा वर्षांच्या मुलाच्या चित्रातलीच ही सामग्री. तिथं झाकलेली वस्तू इथं उघड्यावर आली आहे, तिथं आवडलेली वस्तू इथं सात वेळा तपासली आहे. हा योगायोग असेलही, पण पुन्हा काढणं म्हणजे काय याचं याहून नेमकं उदाहरण मला ठाऊक नाही. जुनं चित्र सफाईनं गिरवण्यापेक्षा त्यातली एकेक अडचण सुटी करून समोर मांडावी लागते.

पुढं १४९३, १४९८ आणि १५०० सालची रंगवलेली आत्मचित्रं येतात. पहिल्या दोहोंत टोपी आहे, मान वळलेली आहे. म्युनिकमधल्या १५०० सालच्या चित्रात टोपी गेली, चेहरा समोर आला, आणि एक हात छातीपाशी कोटाच्या फरवर टेकला. मुलाचं बोट चित्राबाहेर रोखलेलं होतं. अठ्ठावीस वर्षांच्या माणसाची बोटं स्वतःकडे वळली आहेत. मी ही दोन चित्रं शेजारी ठेवून पाहतो तेव्हा दर वेळी त्या हातांवरच अडकतो.

एवढं कौशल्य हाती आल्यावर मुलाचं ते मनगट सुधारायला ड्यूररला कितीसा वेळ लागला असता? त्यानं ते केलं नाही. कागद जपला आणि शेजारी चार शब्द ठेवले. ही त्याची सवयच होती. १५१४ साली आईचं कोळशानं चित्र काढलं, आणि दोन महिन्यांनी ती गेली तेव्हा त्याच कागदावर शाईनं तशी नोंद केली. रेषा जिथं होती तिथंच राहिली.

माळ्यावरच्या ट्रंकेत तुमची शाळेतली चित्रवही असेल, समासात काढलेले राजे, राक्षस, मित्रांचे चेहरे असतील, तर ती खाली काढा. पुन्हा काढायचं असेल तर कागद नवा घ्या. जुन्या पानावर फक्त साल लिहा.